तीन ठिपके

गुणाजीने कानावरचा खडू काढला आणि ट्रॅक्टरच्या पोटाखाली सरकला. जॅक लावून, लाकडी ठोकळे घालून ट्रॅक्टरची चारही चाकं अधांतरी उचलली होती. पुढच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या शाफ्टवर त्याने एक रेघ मारली. दुसरी रेघ पुढच्या चाकावर मारली. मग बाहेर येऊन विश्रामला म्हणाला, "पुढचा दांडा ओढ. आणि आज तरी विसरू नकोस."

ट्रॅक्टर चालवणारा विश्राम वर चढून बसला. अठरा दिवस तो एकच वाक्य बोलत आला होता, "मी दांडा वढला व्हता." ठाकुर्लीच्या खाडीकाठच्या त्या गावात ते कुणालाच पटलं नव्हतं.

अमावास्येच्या उधाणाला, खाडीचं पाणी शेतात येऊ न देणारा खारबांध फुटला, तेव्हा सारं गाव नेहमीसारखं दगडमाती घेऊन धावलं होतं. ट्रॅक्टर पंढरीचा. लष्कराच्या तोफा ओढणारा, लढाईनंतर लिलावात घेतलेला. एरवी मागची दोन चाकं पुरत. चिखलात दांडा ओढला की पुढचीही जोर धरतात, असं घेताना त्याने ऐकलं होतं. चार वर्षांत तशी वेळ आली नव्हती. त्या दिवशी आली. दगडांनी भरलेली गाडी ओढताना ट्रॅक्टर बांधाच्या चढावरून मागे घसरला, आणि मागे दगड रचणारा पंढरीचा धाकटा भाऊ गोविंदा गाडीखाली गेला.

विश्राम दांडा ओढायला विसरला, असं सगळे म्हणाले. दांडा ओढलेलाच सापडला, तर म्हणाले, मागाहून ओढला असेल. गोविंदाच्या बाराव्याला विश्रामच्या हातचं पाणी कुणी घेतलं नाही. शेवटी पंढरीने कल्याणहून गुणाजी मेस्त्रीला बोलावून आणलं. यंत्रात खोट निघाली नाही, तर विश्रामने बायकामुलांसह गाव सोडायचं, असं गावकीने ठरवलं होतं.

गुणाजीवर विश्वास ठेवण्यासारखंच होतं. लढाईच्या दिवसांत तो लष्कराच्या डेपोत फिटर होता. असली धुडं त्याने डझनावारी उघडली होती. आणि जो भाग तो उघडी, त्याच्यावर टोकदार पोलादी पंच धरून हातोडीने तीन ठिपके मारी. उद्या कुणी बोट दाखवलं, तर आपलं काम आपल्यालाच नाकारता येऊ नये, म्हणून. निष्काळजी माणसाचा त्याला भारी राग. विश्रामबद्दलचं मत तो कल्याणहून येतानाच बनवून आला होता.

इंजिन सुरू झालं. मागची चाकं फिरू लागली. शाफ्टही फिरला, त्याच्यावरच्या रेघेचं पांढरं कडं झालं. पुढच्या चाकावरची रेघ मात्र होती तिथेच राहिली.

गुणाजीच्या कपाळावर आठी पडली. त्याने इंजिन बंद करायला लावलं आणि चाक हाताने ढकललं. ते रहाटासारखं गरगर फिरलं. शाफ्ट हलला नाही.

"जोर शाफ्टपर्यंत येतोय," तो म्हणाला. "चाकापर्यंत जात नाहीये. मधे काहीतरी तुटलंय."

विश्राम ट्रॅक्टरवरून उतरून पुढे आला. पण पंढरी म्हणाला, "तुटलं आसंल त त्यानंच तोरलं. चालवीत त्योच व्हता."

गावकीची माणसं माना डोलावू लागली. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. भावाचं प्रेत ज्याने चिखलातून काढलं, त्याला कुणावर तरी रागवायला हवंच असतं. गोविंदाची बायको सगुणा तेवढी बाजूला उभी होती. ती कुणाकडेच बघत नव्हती, फक्त चाकाकडे बघत होती.

गुणाजीने पाना घेतला आणि चाकाच्या मध्यावरचं झाकण उघडलं. तिथे एक दातेरी चकती असते. ती आतल्या आसाचा जोर चाकाला देते. चकती नव्हती. तुटलेला दाता नव्हता, लोखंडाचा चुरा नव्हता. तिच्या जागी, ग्रीस बाहेर येऊ नये म्हणून, एक गोल पत्रा कापून बसवला होता. गुणाजीने तो अंगठ्याने पुसला.

पत्र्याच्या कडेला तीन ठिपके होते.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. त्याच्या पाठीमुळे आतलं कुणाला दिसत नव्हतं. झाकण लावून 'तुटलंय' एवढंच म्हटलं, की काम संपत होतं. त्याने मागे वळून विश्रामकडे पाहिलं. विश्राम त्याच्या तोंडाकडे बघत होता, कोर्टात निकाल ऐकायला उभं राहावं तसा. गुणाजीला स्वतःची लाज वाटली.

तो बाजूला झाला. "सगळ्यांनी येऊन बघा," तो म्हणाला. "बाई, तुम्हीही या. तुटलेलं काही नाही. इथली चकती काढलेली आहे. एका चाकाची नसली, की दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. याने दांडा दहा वेळा ओढला असता, तरी पुढची चाकं हलली नसती."

"कोनी कारली?" पंढरीने विचारलं.

"मी. डेपोत. दुसऱ्या ट्रॅक्टरला हवी होती, म्हणून याची काढली. हे ठिपके माझेच."

कुणी हललं नाही. खाडीवरून वारा येत होता.

मग सगुणा पहिल्यांदा बोलली. आवाज शांत होता. "मंग तवा कोनाला सांगलं नाय तुमी?"

"लिहिलं होतं, बाई. ट्रॅक्टरच्या दारावर, मोठ्या अक्षरांत. पुढची चाकं चालत नाहीत म्हणून."

"दारावं कायपन नव्हतं," पंढरी म्हणाला.

गुणाजीचा हात कानाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"लिलावाआधी पावसाळाभर हा डेपोत उघड्यावर उभा होता," तो म्हणाला. "आणि मी खडूने लिहिलं होतं."