चाळणीवर राहिलेली चप्पल

ट्रक वाळूचा ढीग ओतून गेला आणि गवंडी फावड्याने ती वाळू उभ्या चाळणीवर मारू लागला. बारीक वाळू पलीकडे पडत होती, खडे अलीकडे घरंगळत होते. त्या खड्यांबरोबर एक चिमुकली गुलाबी चप्पल घरंगळत आली. त्याच्या काळजात धस्स झालं. मघाशी त्याची छकुली आणि तिच्या मैत्रिणी इथेच तर खेळत होत्या! फावडं फेकून तो दोन्ही हातांनी ढीग उपसू लागला.

"अहो, हे काय चाललंय?" मागून बायकोचा आवाज आला. छकुली तिच्या कडेवर पेंगत होती. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने चप्पल पुढे केली. "घाल हिला. वाळूत सापडली."



"हिच्या तर दोन्ही पायांत आहेत," बायको म्हणाली, "ही कुणाची?"