पंचवीस दशांश शून्य तीन

स्क्रीनवर पुन्हा २५.०३ आलं. रिंगवर मात्र ठसठशीत कोरलेलं होतं, २५.००.

तीन शतांश मिलिमीटर. केसाच्या जाडीच्या निम्मंही नाही, पण घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. चार वाजता दादा भंगारवाल्याला घेऊन येणार होता. त्याच्या धाकट्या बहिणीनं दोन वर्षं एकेक सुटा भाग जमवून उभं केलेलं, संगणकाच्या हुकमानं धातू कापणारं आणि मोजणारं सीएनसी मशीन टेम्पोत चढणार होतं, कारण दादाला मागची खोली हवी होती. बाबा एवढंच म्हणाले होते, की आधी तिला माझी रिंग मोजू दे, मग बघू.

रिंग बाबांच्या कारखान्यातली. पोलादाची, जाडजूड, आतून आरशासारखी. तिच्या भोकाच्या मापावरून तिथले बाकीचे भाग बरोबर की चूक ते ठरायचं. बाबा तिथे पस्तीस वर्षं फिटर होते. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी घरी आले ते कायमचे, आणि येताना ही रिंग तेवढी घेऊन आले. का आले, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हात थरथरायला लागले असतील, म्हातारपण दुसरं काय, असं दादानं परस्पर सगळ्यांना सांगून टाकलं.

धाकटीनं सकाळपासून काय करायचं बाकी ठेवलं होतं? प्रोब म्हणजे मशीनचं बोट. त्याच्या टोकाला लाल मणी, तो कशाला टेकला की मशीन आकडा सांगतं. मणी मधोमध फिरतो का ते तिनं डायल लावून पाहिलं. चार बारीक स्क्रू पिळून काट्याचं हलणं बंद केलं. नव्या कोऱ्या बेअरिंगच्या भोकाचं माप पक्कं ठाऊक असतं, त्यावरून मशीनला मण्याचं माप शिकवलं. दुसरं बेअरिंग मोजलं, बरोबर. तिसरं मोजलं, तेही बरोबर. खोटी पडत होती ती फक्त रिंग.

सुटका सोपी होती. शिकवताना बेअरिंगऐवजी रिंगच ठेवायची आणि मशीनला सांगायचं, ही २५.०० आहे बरं का. मग ते पोपटासारखं तेच म्हणत बसलं असतं. बाबा खूश, दादा गप्प, मशीन घरात. तिनं तसं करूनही पाहिलं. रिंग २५.०० आली आणि तिन्ही बेअरिंगं चुकली. तिचं डोकंच फिरलं. मशीन गेलं तर गेलं, पण खोटं बोलणारं मशीन घरात ठेवून काय त्याची पूजा करायची? तिनं ते पुसून टाकलं आणि पुन्हा बेअरिंग लावलं.

चारला भंगारवाला दारात उभा राहिला. बाबा स्टुलावर येऊन बसले. तिनं त्यांच्यासमोर रिंग पकडीत आवळली. मणी आत उतरला, चारी बाजूंना हलकेच टेकला. २५.०३. दादा हसला आणि भंगारवाल्याला म्हणाला, की धर रे त्या बाजूनं.

बाबांचा आवाज अगदी थंड होता. “कंपनीचा शिक्का आहे त्या रिंगवर. तू कंपनीपेक्षा शहाणी झालीस?”

त्या घरात बाबांना उलटून बोलायची पद्धत नव्हती. तरी तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

“शिक्का मारल्यावर ती पुन्हा कुणी मोजलीच नाही, बाबा. वापरून वापरून झिजलीय. मशीन न्यायचं तर खुशाल न्या. आकडा मी बदलणार नाही.”

दादानं तिला बाबांची माफी मागायला सांगितलं. ती जागची हलली नाही.

बाबा उठले. त्यांनी स्वतः पकड सैल केली आणि रिंग बाहेर काढली. ती त्यांनी भंगारवाल्याच्या हातात ठेवली आणि त्याला सांगितलं, की न्यायचं ते हेच, बाकी काही नाही.

दादा पुढे धावला. बाबा, अहो तुमची आठवण आहे ती, म्हणू लागला.

“आहेच ना,” बाबा म्हणाले. “ही चुकीची आहे असं साहेबांच्या तोंडावर सांगितलं, म्हणून तर मला घरी बसवलं होतं.”