शेवटचा बोल्ट

"शेवटचा बोल्ट आपण नाही आवळायचा. ज्याची गाडी, त्याचा हात."

लहानपणी ऐकलेला तो आवाज लेकीच्या कानात अजून घुमत होता. बसगाड्यांचे सांगाडे बांधणारा बाबांचा कारखाना, ठिणग्यांची बरसात, आणि पत्र्याच्या पोकळीतून घोगरं होऊन आलेलं ते वाक्य. त्या दिवसांची आणखी एक खूण तिच्या कोपरावर होती, भाजल्याचा वाटोळा डाग.

कारखाना पोरगी सांभाळेल, असं बाबांना वाटलं होतं. पोरगी निघाली आभाळाला. संगणकावरच्या खेळात ती पत्र्याला पत्रा जोडून अंतराळयानं बांधायची.

"हवेतल्या गाड्यांना गिऱ्हाईक कोण?" बाबा एकदा म्हणाले होते. तेव्हापासून त्या विषयावर दोघांचा अबोला.

मग एका दुपारी खेळात एक अनोळखी शिकाऊ आलं. त्याचं पहिलं यान इतकं ओबडधोबड, की तिने त्याचं नावच ठेवलं ढेकूळ.

"अरे ढेकळा, दार कुठंय? आत काय मंत्र म्हणून शिरायचं?"

"बरं," ढेकूळ लिहायचं. एवढंच. पुन्हा निमूट जोडायला लागायचं.

प्रत्येक यानात ते एक पत्रा मात्र उघडा ठेवायचं. अगदी शेवटचा. सगळी हवा भस्सकन बाहेर. दोनदा तिने झाडलं. तिसऱ्यांदा तिचा हात थबकला. ही रीत एकाच कारखान्यातली. ढेकूळ यायचंही दुपारीच. आणि तिथल्या हिशेबाच्या संगणकापाशी तेव्हा बाबांशिवाय कोण असणार?

तिचा ऊर भरून आला. पण ओळखलंय हे तिने दाखवलं नाही. शिव्या तेवढ्या जरा मऊ झाल्या.

"तुझ्या आभाळात स्वयंपाकघर आहे का गं?" आईने विचारलं. "लोक खातात काय?"

"आई, तुला नाही कळायचं ते."

"बरं बाई," म्हणत आई बाबांचा डबा घेऊन निघाली. एकदा गेली की ती उन्हं कलल्यावरच उगवायची.

शेवटी अंतराळस्थानक उभं राहिलं. शहराएवढं. जगभरचे खेळाडू आपापली यानं घेऊन बाहेर ताटकळत होते. एकच पत्रा बाकी होता. लेकीने बाबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"हा तुम्ही लावायचा."

"मला कुठे येतं हे?" बाबांनी माऊस उंदरासारखाच दोन बोटांत धरला.

"पुरे झालं सोंग! वर्षभर ढेकूळ होऊन माझी बोलणी खाल्लीत. शेवटचा बोल्ट आपण नाही आवळायचा, हा तुमचा आवाज मी विसरेन होय?"

बाबा खो खो हसले. मग नवी बस गिऱ्हाइकाला दाखवताना फुगायची, तशी त्यांची छाती फुगली.

"मी दुपारी ढाराढूर झोपतो गं," ते म्हणाले, आणि दाराकडे बघत उठून खुर्ची रिकामी केली. "ये. मला पान्हा धरायला शिकवणारी तू, आणि उभी काय राहतेस दारात?"

आईने ओले हात पुसले. खुर्चीत बसली. कळांकडे न बघता तिने पत्रा उचलला, फिरवला, अलगद जागी बसवला. स्थानकभर दिवे उजळत गेले.

मग तिने लेकीच्या कोपरावरचा डाग अंगठ्याने हळूच चोळला.

"तो आवाज माझा होता, बाळा. हे तुला भाजलं त्या दिवशी मी पान्हा खाली ठेवला होता. तो तुझ्या हाताखाली पुन्हा उचलला."