तांदळाच्या डब्यातले फोन

नव्या अपडेटपासून फोन घरातलं सगळं ऐकतो आणि मग त्याच गोष्टींच्या जाहिराती चढ्या भावाने दाखवतो, अशी नंदकुमारची पक्की खात्री झाली होती. म्हणून लेकीचं लग्न ठरताच त्याने घरातले दोन्ही फोन तांदळाच्या डब्यात खुपसले आणि बायकोला, क्षमाला, गॅलरीत नेलं. तिथे मुलगा, तारीख, बजेट, सगळं मोकळेपणी बोलून झालं.

सकाळी वॉचमनने पेढे मागितले. समोरच्या बिल्डिंगमधून पाटकरकाकू ओरडल्या, "अरे नंदू, एवढ्याशा बजेटमध्ये काय होतंय! कांदिवलीला भाच्याचा हॉल आहे, बोलू का?"

नंदकुमारने डब्यातून फोन काढून उघडला. अजून गुडघेदुखीच्या तेलाचीच जाहिरात होती.

"सुटलो गं क्षमा," तो म्हणाला, "कुणालाच कळलं नाही."