पायरीपर्यंत

"पाणी पायरीपर्यंत आलं होतं. पायरीला लागलं आणि तसंच मागं गेलं," मुदस्सर म्हणाला आणि भिंतीवरच्या लाकडावर त्यानं बोटांनी टकटक केलं. "आवाज ऐका सर. अस्सल सागवान. अख्ख्या महाडात असा दुसरा फ्लॅट दाखवा, नाव बदलीन मी."

शगुफ्ता सरबताचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दिराचं हे वाक्य तिला पाठ झालं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या पुरानंतर तळमजल्यावरच्या चारही घरांनी मिळूनच ते ठरवलं होतं. कुणीही विचारो, पाणी पायरीपर्यंतच. भाव पडायला नको.

त्या संध्याकाळी पाणी तिच्या हनुवटीपर्यंत आलं होतं. पाण्याच्या रेट्यानं दार उघडेना. वरच्या मजल्यावरची माणसं खिडकीचे गज कापेपर्यंत ती तीन वर्षांच्या लेकीला, बुशराला, डोक्यावर धरून उभी होती. पाणी उतरलं तेव्हा भिंतींवर चहूबाजूंनी एक मातकट रेघ राहिली. तीनदा रंग दिला, तिन्ही वेळा रेघ वर आली. मग कुवेतहून नवऱ्याचा, अमजदचा फोन आला. "लाकडानं झाकून टाक. पण नुसतं लाकूड नको, लोकांना शंका येईल. सगळं घरच बदलून टाक." म्हणून सदू सुतारानं भिंतींना रेघेच्या वर बोटभर जाईल असं सागवान लावलं. म्हणून छताला पीओपीची फुलं आली, खाली संगमरवर आला, झुंबर आलं, बाथरूममध्ये टब आला. बघायला येणारे टब बघून हरखायचे. तो कधी भरेल एवढं पाणी नळाला यायचंच नाही.

घर विकायचं शगुफ्ताच्याच मनात होतं. मागचा पावसाळा तिनं पलंगावर बसून काढला होता, पावसाचा आवाज वाढला की बुशराला मांडीवर घेऊन. आता तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता. अमजदची अट एकच होती. खालचा पूर्ण भावानं गेला, तरच वर. आणि मे महिना संपत आला होता.

आज घर बघायला आलेले अरविंद सर पोलादपूरच्या बाजूला शाळेवर होते. त्यांची बायको निशा सहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन आली होती. मुदस्सर सरांना टब दाखवायला आत घेऊन गेला. हॉलमध्ये दोघी बायका राहिल्या.

"सरबत घ्या ना," शगुफ्ता म्हणाली.

"घेते. जरा हिला धरता का?"

मुलगी आली तीच शगुफ्ताच्या ओढणीचं टोक तोंडात घालून. निशा सरबत पीत घर बघत होती. वर झुंबराकडे तिनं एकदाच बघितलं.

"सहा घरं बघितली आम्ही, ताई," ती म्हणाली. "सगळीकडं पाणी पायरीपर्यंतच." आणि हसली. "मग बुडलं तरी कोण?"

शगुफ्ताला हसता आलं नाही. कुणी थोबाडीत मारावी तसा चेहरा तापला. कडेवरची मुलगी जड नव्हती, पण आता तिचा भार हाताला कळायला लागला. आपण काय विकतो आहोत, ते तिला त्या भारातच दिसलं. ती संध्याकाळ ती दुसऱ्या आईला विकत होती. वर झुंबर लावून.

तिनं मुलगी निशाकडे दिली. आतून सुरी आणली. दारामागं ओलीनं एक फळी फुगली होती, तिच्या फटीत सुरी घातली आणि जोर लावला. फळी कडकडत सुटली.

"भाभी! काय करताय काय?" मुदस्सर धावत आला. मागोमाग सर आले.

भिंतीवर रेघ होती. फिकट, पण सरळ. जणू कुणी दोरी लावून मारलेली.

"इथवर आलं होतं," शगुफ्ता म्हणाली. मान वर होत नव्हती. "मी घरातच होते. आणि इतक्या लोकांसमोर आजवर गप्प बसले."

"अहो, ओल आहे ती," मुदस्सर घाईनं म्हणाला. "सर, नवीन फळी लावून देतो. सागवानच."

निशा रेघेला पाठ लावून उभी राहिली. रेघ तिच्या ओठांशी आली.

"एवढंच?" ती म्हणाली. "आमचं घर नदीच्या अंगाला हाय. पत्र्यावरून गेलं होतं आमच्या." तिनं नवऱ्याकडं बघितलं. "खरं सांगणारं हे पहिलंच घर हो. हेच घेऊ."

सरांनी मान हलवली. "पण लाकडाचे आणि झुंबराचे पैसे धरणार नाही आम्ही. घराचे देऊ."

"छे! मग काय राहिलं? भाई काय म्हणतील?" मुदस्सर म्हणाला.

"तेवढेच द्या," शगुफ्ता सरांना म्हणाली आणि दिराकडं वळली. "तुमच्या भावाला मी सांगते. वरचं नाही जमलं तर भाड्यानं राहू, पण वरच राहू."

मुदस्सरनं सुटलेली फळी उचलून भिंतीला टेकवली. सौदा निदान मोडला तरी नव्हता. "बरं," तो म्हणाला, "मग निदान एवढी भिंत रंगवून तरी देतो. बरं दिसत नाय ते."

"नको," निशा म्हणाली. मुलीला तिनं कडेवरून उचलून खांद्यावर घेतलं, मग आणखी थोडं वर धरून बघितलं. "उरलेलं लाकूडपण काढून न्या. रेघ राहू दे. हिला किती वर धरायचं, ते आम्हाला दिसायला हवं."