मंगळवारचा मनोरा

लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर सलूनवाल्याने एकदाचं बायकोला उंच मनोऱ्याचं ते जगप्रसिद्ध शहर दाखवायचं कबूल केलं, आणि खुर्चीत बसेल त्या गिऱ्हाईकाला तो माहितीसाठी पिडू लागला.

पोस्टमन तोंडभर फेसातून म्हणाला, "मनोऱ्यावर मंगळवारीच चढा. त्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं."

"तुम्ही कधी जाऊन आलात?"

"मी कसला जातोय! समोरच्या औषधवाल्याने सांगितलं. त्याला सगळी खडान्‌खडा माहिती."

पोस्टमनला अर्ध्या दाढीवर सोडून सलूनवाला हातातल्या ब्रशसकट औषधांच्या दुकानात शिरला. "मनोऱ्याचं ते मंगळवारचं पक्कं ना हो?"

"कमाल करता! गेल्या वर्षी माझी मिशी कापताना तुम्हीच नाही का सांगितलंत?"

सलूनवाल्याला आठवलं. औषधवाला खुर्चीत भारी चुळबुळ करत होता. त्याने गप्प बसावं म्हणून तेव्हा तोंडाला येईल ते ठोकून दिलं होतं.

घरी बायको बॅग भरत होती. "मग, मंगळवार नक्की?"

"अगदी नक्की!" तो ऐटीत म्हणाला. "तिघांकडून खात्री करून घेतलीय. तिघांचंही तंतोतंत जुळतंय."