लेहची सायकल

राजपालनं बॅग पुन्हा ओसरीवर उलटी केली. लोकरी टोपी, पंक्चरचं सामान, जास्तीची ट्यूब, ग्लुकोजचे पुडे, सगळं फरशीवर पसरलं. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. भरायचं, सायकलला बांधायचं, सोडायचं, परत उपसायचं. उद्या पहाटे गणेशची बोलेरो येणार होती. सायकली टपावर टाकून मनालीपर्यंत गाडीनं जायचं, आणि तिथून दोघा मित्रांनी सायकलवर लेह गाठायचं. उंच खिंडी ओलांडत, मुक्कामाला कुठं तंबू तर कुठं कोणाचं घर.

कामरगावात मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारा राजपाल सायकलनं लेहला निघाला, ही बातमी केव्हाच गावभर झाली होती. बसस्टँडवर त्याच्या फोटोचं बॅनर झळकत होतं. काल शाल-नारळ देऊन सत्कारही झाला.

त्याची बायको उज्ज्वला शिलाई मशीनवर बसून शेवटच्या बॅगेला पट्टा लावत होती. सगळ्या बॅगा तिनंच शिवल्या होत्या, सोयाबीन झाकायच्या ताडपत्रीतून. एक हँडलला, एक मागे, एक सायकलच्या मधल्या त्रिकोणात नेमकी बसणारी. मुक्काम कुठं करायचा, पाणी कुठं मिळत नाही, कोणता चढ सकाळीच उरकायचा, हे सगळं तिनंच मोबाइलवर शोधून दोघांना पढवलं होतं.

"हे जॅकेट राहू देऊ का?" राजपालनं विचारलं.

"घ्या. तिकडं उन्हातही गारठा असते."

त्यानं घेतलं. मग काढलं. मोबाइलवर हवामान पाहिलं. मनालीला लख्ख ऊन होतं. त्यानं गणेशला फोन लावला.

"गाडीचं कसं काय? क्लच त्रास देऊन राह्यला होता ना?"

"काल बदलला. एकदम टकाटक. तू फक्त तयार राय," गणेश म्हणाला.

फोन ठेवून तो उगाच अंगणात चकरा मारत राहिला. मग आईजवळ जाऊन बसला. रुख्मिणीबाई सुपात तूर निवडत होत्या.

"माय, तुहे गुडघे लय दुखतात म्हने. थांबू का मी?"

"माह्या गुडघ्यानं तुले कायले अडवलं बाप्पा?" म्हातारी हसली. "घरात एक जन असलं की भागते माहं. तू जाय बिनघोर."

तो परत ओसरीवर आला. जॅकेट बॅगेत कोंबलं. बॅगेची चेन लागेना. त्यानं ती अशी हिसडली की बाजूचे टाके टराटरा उसवले.

उज्ज्वलानं मशीन थांबवलं. उसवलेली बॅग हातात घेतली, पण शिवायला लागली नाही.

"एक इचारू? चिखलदऱ्याहून उतरताना ब्रेक खरंच खराब झाले होते का?"

राजपालनं फरशीवरची ट्यूब उगाच गुंडाळायला घेतली.

गेल्या महिन्यात ते सरावासाठी चिखलदऱ्याला गेले होते. उज्ज्वला रोज पहाटे आपल्या जुन्या सायकलवर त्याच्यासोबत कारंज्याच्या रस्त्याला जायची, म्हणून गणेशनं पुतण्याची गिअरची सायकल आणून तिलाही चला म्हटलं होतं. घाट तिघांनीही चढला. उतरताना मात्र एका वळणावर राजपालला दरी दिसली आणि त्याची बोटं ब्रेकवर आखडली. तो खाली उतरला. घाट संपेपर्यंत सायकल हातात धरून, डोंगराला अंग घासत, पायी चालत आला. ब्रेक गेले, असं त्यानं सांगितलं. उज्ज्वला आणि गणेश कधीचे खाली पोहोचून टपरीवर त्याची वाट पाहत होते. टपरीशेजारच्या पंक्चरवाल्या पोरानं ब्रेक तपासायला सायकल मागितली, तर त्यानं दिली नाही.

"ब्रेक चांगले होते," तो म्हणाला. "मले दरी पाहावत नाही, उज्ज्वला. डोळे मिटले की तेच दिसते. वाटलं होतं, सवय होईन. नाही होत. पन आता बॅनर लागलं, शाल घेतली. गणेश माह्या भरोशावर निघून राह्यला. कोन्या तोंडानं नाही म्हनू?"

बोलून झालं तसा तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. दिवसभरात पहिल्यांदाच स्वस्थ बसला.

ती आता रागावेल, असं त्याला वाटलं. किंवा धीर देईल, होते सवय म्हणेल. तिनं दोन्ही केलं नाही. ती अंगणातल्या सायकलकडं पाहत होती.

"गणेशभाऊले मी सांगतो," ती म्हणाली.

"काय सांगशीन?"

"त्या दिवशी खाली आल्यावर मले परत वर जावंसं वाटलं होतं. पुन्हा एकदा उतरासाठी. तुमी पांढरेफटक होऊन आले, म्हनून बोलली नाही. आनि मंग मले कोनी इचारलंच नाही."

ती उठून सायकलजवळ गेली. हँडल सरळ केलं, पायडलवर एक पाय ठेवून पाहिला.

"पाना आना," ती म्हणाली. "सीट माह्या उंचीवर घेऊन द्या."